रकाना रिकामा ठेवण्याचा हक्क

(गोपाळ गणेश आगरकर यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांची प्रेतयात्रा पुण्यातल्या सनातन्यांनी ते हयात असतानाच काढली होती. आगरकरांचा गुन्हा काय? देव, धर्म, रूढी, बालविवाह, विधवांचे हाल यांविषयी बुद्धीला जे पटले ते त्यांनी लिहिले. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ निघाला आणि १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वय अवघे अडतीस. तेवढ्या वर्षांत मराठी माणसाला एक सवय लावण्यासाठी ते झटले. शास्त्रात काय लिहिले आहे हे पाहण्याआधी, हे न्यायाचे आहे का, असे विचारण्याची ती सवय.

नास्तिकतेवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे देव आहे की नाही या वादातच संध्याकाळ संपते. तो वाद मला गौण वाटत नाही. मी ईश्वर मानत नाही आणि ते कधी लपवलेलेही नाही. पण आज मी निराळा प्रश्न घेतला आहे. देव न मानणाऱ्या माणसाचे शासनाशी नाते काय? कोर्टात साक्ष देताना, लोकसभेत निवडून आल्यावर, लग्न करताना, सरकारी अर्ज भरताना, वारसाहक्क सांगताना त्याला कुठे अडवले गेले आणि ती अडवणूक कशी दूर झाली? हा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि तीच माझ्या आजच्या बोलण्याचे सूत्र आहे. नास्तिकाचे नागरी हक्क एकट्या नास्तिकांनी मिळवलेले नाहीत. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिला झगडा एखाद्या श्रद्धावंताने दिला, आणि नास्तिकाने तो शेवटाला नेल्यावर त्याचा लाभ श्रद्धावंतांनाही झाला. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य ही आपली सामाईक मिळकत आहे. तिचे हिस्से पाडता येत नाहीत.

विचार जुना, हक्क नवा

ईश्वर नाकारणे ही इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली टूम आहे, असे अजूनही ऐकू येते. ते खरे नाही. मीमांसकांना यज्ञाचे फळ सांगण्यासाठी जगाचा कर्ता लागला नाही. कुमारिलभट्टांनी तर सृष्टिकर्त्याची कल्पना खोडून काढली. सांख्यांचे विश्व ईश्वरावाचून चालते. जैन आणि बौद्ध परंपरा जगाचा निर्माता मानत नाहीत. लोकायत, म्हणजे चार्वाक मंडळी, आणखी पुढे गेली. परलोक, पुनर्जन्म आणि वेदांचे प्रामाण्य ही तिन्ही त्यांनी बाजूला सारली.

या लोकायतांचे ग्रंथ मात्र आपल्यापर्यंत पोहोचले नाहीत. त्यांचे म्हणणे आपल्याला कळते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांकडून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तले पहिले प्रकरण चार्वाकांवर आहे, ते खंडन करण्यासाठीच. या परंपरेच्या जवळचा एक समग्र ग्रंथ तेवढा वाचला: जयराशीभट्टांचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’. त्याला चार्वाक म्हणावे की संशयवादी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तो वाचला कुठे? गुजरातेत पाटणच्या जैन ग्रंथभांडारात. १९२६ मध्ये त्याचे हस्तलिखित मिळाले आणि १९४० मध्ये ते बडोद्याहून छापून निघाले. स्वतःच्या आगमांना प्रमाण मानणाऱ्या लोकांनी, कोणतेच प्रमाण टिकत नाही असे म्हणणारी पोथी शतकानुशतके जपून ठेवली. विरोधी मताशी कसे वागावे, याचे हे आपल्या मातीतले उदाहरण आहे.

देव नसेल तर नीतीला आधार कोणता, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो, म्हणून आधीच उत्तर देतो. एकाच धर्मग्रंथात भूतदयाही असते आणि माणसाला जन्मावरून नीच ठरवणारे वचनही असते. त्यातले पहिले घ्यायचे आणि दुसरे टाकायचे, हे कोण ठरवते? ग्रंथ ठरवत नाही. वाचणारा ठरवतो, आपल्या विवेकाने, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव ठेवून. श्रद्धावंताचीही नीती तिथूनच येते आणि माझीही. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचून हेच मराठीत मांडले. देव नाकारला म्हणून माणूस आपोआप नीतिमान होत नाही, हेही तितकेच खरे. आपण केलेल्या निवडीची जबाबदारी तो दुसऱ्या कोणावर टाकू शकत नाही, एवढेच.

तत्त्वज्ञान इथवर आणून सोडते. पण तत्त्वज्ञान खरे असले म्हणून हक्क मिळत नाहीत. एखादा राजा उदार असेल तर चार्वाकाला सभेत बोलू देईल, नसेल तर हाकलून देईल. हक्क म्हणजे राजाच्या मर्जीवर न अवलंबणारी गोष्ट, आणि ती अलीकडची आहे.

शपथ

इंग्लंडमध्ये १८६९ पर्यंत नास्तिकाची साक्ष कोर्टात चालत नसे. परलोकातल्या शिक्षेचे भय नाही तो खरे बोलणार नाही, असे कायदा धरून चाले. याचा व्यवहारातला अर्थ भयंकर होता. नास्तिकाच्या घरी दरोडा पडला आणि त्याच्याशिवाय कोणी पाहिले नसेल, तर चोर सुटायचा. आणि खोटे बोलायला तयार असलेल्या नास्तिकाला मात्र काहीच अडचण नव्हती. तो शपथ घेऊन मोकळा होई. शिक्षा व्हायची ती प्रामाणिक माणसाला.

या अडवणुकीविरुद्ध पहिले उभे राहिले ते क्वेकर पंथाचे लोक, अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती. शपथ वाहू नये ही येशूची आज्ञा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यासाठी त्यांनी तुरुंग भोगले. सतराव्या शतकाच्या अखेरीस पार्लमेंटने त्यांना शपथेऐवजी साधे प्रतिज्ञापूर्वक कथन करण्याची सवलत दिली. दोनशे वर्षांनी हीच वाट एका नास्तिकाने धरली.

चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. मला शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, अशी त्यांनी मागणी केली. ती नाकारली गेली. मग कायद्याने लागते तर शपथ घेतो, असे ते म्हणाले. तुमचा देवावर विश्वास नाही, तेव्हा तुमची शपथही चालणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. म्हणजे कुठल्याच दाराने आत जायचे नाही. सभागृह सोडायला नकार दिल्याबद्दल त्यांना घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत एक रात्र ठेवले. ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी त्यांना ढकलत, ओढत इमारतीबाहेर काढले. त्यांची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक लागायची आणि नॉर्दॅम्प्टनचे मतदार पुन्हा त्यांनाच निवडून द्यायचे: १८८१, १८८२, १८८४. त्या मतदारांत चर्चला जाणारे असंख्य होते. आमचा प्रतिनिधी कोण हे आम्ही ठरवणार, एवढाच त्यांचा आग्रह होता. अखेर १८८६ च्या जानेवारीत ब्रॅडलॉ यांना आसन मिळाले, आणि १८८८ मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन केलेल्या कायद्याने प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला झाला.

या माणसाचे आपल्यावर ऋण आहे. पार्लमेंटमध्ये ते हिंदुस्थानची बाजू इतक्या वेळा मांडत की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. डिसेंबर १८८९ मध्ये राष्ट्रीय सभेच्या मुंबई अधिवेशनाला ते जातीने आले होते. जानेवारी १८९१ मध्ये ते गेले, तेव्हा अंत्यविधीला लंडनमध्ये शिकत असलेला एक एकवीस वर्षांचा गुजराती तरुण हजर होता. त्याचे नाव मोहनदास गांधी. त्याने पुढे आत्मचरित्रात त्या दिवसाची नोंद केली आहे.

आपल्या संविधानाची तिसरी अनुसूची उघडून पाहा. ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची की गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचे, ही निवड मंत्री, खासदार, आमदार आणि न्यायाधीश या सगळ्यांना आहे. क्वेकरांच्या तुरुंगवासाचा आणि ब्रॅडलॉ यांच्या लढ्याचा धागा आपल्या विधानभवनापर्यंत येतो तो असा.

याच संविधानाच्या जन्माच्या वेळचा एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १७ ऑक्टोबर १९४९. संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले. मी कामाख्येच्या प्रदेशातला, मग देवाच्या नावाने का, देवीच्या नावाने का नको, असे त्यांचे म्हणणे. राज्याने एकदा देवाचे नाव घ्यायचे ठरवले की कोणत्या देवाचे, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवले की देवाला मताला टाकून आम्हाला पेचात पाडू नका. दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांत त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै होते. ते स्वतः ईश्वर मानणारे. त्यांचा मुद्दा असा की, ईश्वर मानण्याचा किंवा न मानण्याचा हक्क आपण नागरिकाला देत आहोत. मग ही दुरुस्ती म्हणजे श्रद्धेची सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंनीही तेच बजावले. विचार, विश्वास आणि उपासना यांचे स्वातंत्र्य सांगणाऱ्या उद्देशिकेशी हे विसंगत आहे. कामतांनी मतदान मागितले. बाजूने ४१, विरोधात ६८. ती सभा नास्तिकांनी भरलेली नव्हती. घरी देवपूजा करणाऱ्या माणसांनी आपला देव राज्याच्या दस्तऐवजाबाहेर ठेवला, तो शेजाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा मान राखण्यासाठी.

लग्न

दुसरा प्रसंग लग्नाचा. १८७२ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात धर्मविधीवाचून लग्न करण्याची सर्वांसाठी खुली अशी सोय नव्हती. ती मागितली ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी आणि त्यांच्या अनुयायांनी. ही माणसे एकेश्वरवादी, प्रार्थना करणारी, भक्तीने ओथंबलेली. मूर्तिपूजेचे विधी करणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. कायदा झाला, पण एका अटीवर. वधूवरांनी लिहून द्यायचे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणताच धर्म मानत नाही. आपल्या मनाप्रमाणे लग्न करायचे तर आधी धर्म नाकारा, असा तो सौदा होता. ईश्वरावर गाढ विश्वास असलेल्या ब्राह्मोंना असे निवेदन करावे लागले. हिंदू राहून दुसऱ्या जातीत लग्न करू पाहणाऱ्यांनाही तीच अट होती. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती सैल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती पूर्ण गेली.

१९५४ च्या या कायद्यातला नोटिशीचा नमुना पाहण्यासारखा आहे. नाव, विवाहविषयक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण, कायमचा पत्ता, वास्तव्याचा काळ. धर्माचा रकानाच नाही. दोन प्रौढ नागरिक एकमेकांना निवडतात आणि राज्य त्याची नोंद करते, इतके ते साधे आहे. पण त्याच कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस राहून गेली आहे. नाव, गाव, पत्ता कार्यालयाच्या फलकावर लागतो. हरकत फक्त वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते अशा कायदेशीर कारणांवर घेता येते. पण तो कागद वाचणारा कायद्यासाठी वाचत नाही. तो आडनाव वाचतो आणि मुलीच्या घरी फोन करतो. जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या किती मुलींना त्या तीस दिवसांत घरात कोंडले जाते, हे आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही वकिलाला विचारा. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की जोडप्याची इच्छा असेल तरच नोटीस जाहीर करावी. हा दिलासा देशभर आणि कायद्याच्या मजकुरातच यायला हवा.

लग्नापाठोपाठ वारसा येतो. इथे तर नास्तिकाला धर्म चिकटतोच. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दृष्टीने जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही तो सर्वसाधारणपणे हिंदू. मी काय मानतो हे तिथे कोणी विचारत नाही. विशेष विवाह कायद्याने लग्न करणाऱ्यांना पूर्वी भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होत असे. १९७६ च्या दुरुस्तीने दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर तेही बंद झाले. मुस्लिम घरात जन्मलेल्या पण श्रद्धा सोडलेल्या बाईची अडचण याहून कठीण. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देणारा कायदा ती मानत नाही, तरी तो तिला लागू होतो. केरळमधली अशी एक महिला सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तिच्या याचिकेवर नोटीस काढली. धर्म सोडण्याचे स्वातंत्र्य आहे, पण सोडून जायचे कुठे, याचे उत्तर आपल्या कायद्याकडे अजून नाही.

अर्ज आणि शाळा

आता व्याख्यानाच्या नावाकडे येतो. अर्जातला धर्माचा रकाना रिकामा ठेवण्याचा किंवा तिथे ‘धर्म नाही’ असे लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे का? आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी तो स्पष्ट शब्दांत सांगितला. अनुच्छेद २५ मधल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्य येते. कोणत्याही सरकारी यंत्रणेला नागरिकावर धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येणार नाही. हा निकाल कोणी मिळवला, हे फार थोड्यांना माहीत आहे. अर्जदार तिघे होते आणि तिघेही येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारे. आमचा येशूवर विश्वास आहे, पण आम्ही ख्रिस्ती किंवा दुसऱ्या कुठल्याही धर्माचे नाही, अशी राजपत्रात नोंद करा, एवढेच त्यांनी मागितले होते. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला म्हणून ते न्यायालयात गेले. महाराष्ट्रातल्या नास्तिकाला ‘धर्म नाही’ असे लिहिता येते ते येशूच्या तीन भक्तांमुळे.

शाळेतही असेच घडले. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ईश्वराखेरीज कोणाचेही स्तोत्र गायचे नाही ही त्यांची श्रद्धा. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत घ्यायला लावले. पुढे नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. तो शांतपणे उभा राही, इतकेच. संस्थेने बेशिस्तीचा ठपका ठेवून त्याची वाढीव वेतनश्रेणी रोखली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. या दोन चित्रांत फरक किती कमी आहे पाहा. एकीकडे अतीव श्रद्धेपोटी गप्प राहिलेले मूल, दुसरीकडे अश्रद्धेपोटी हात न जोडलेला शिक्षक. दोघेही शांत उभे आहेत, कोणाचा अवमान करत नाहीत आणि मनात नसलेली कृती करायला नकार देत आहेत.

२०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशभरात सुमारे ३३ हजार होते. धर्म न सांगितलेले सुमारे २८ लाख ६७ हजार. खरा आकडा मोठा असणार, असे मला वाटते. घरी आलेल्या प्रगणकाला कुटुंबप्रमुख जे सांगतो तेच सगळ्यांच्या नावावर लिहिले जाते. पण हक्क संख्येवर ठरत नाहीत. असा एकच नागरिक असता, तरी रकाना रिकामा ठेवण्याचा हक्क त्याला असायलाच हवा होता.

बोलणे

सर्वांत महाग पडतो तो बोलण्याचा हक्क. १९२७ मध्ये लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर दंडसंहितेत २९५-अ हे कलम आले. धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने दुखावणे हा गुन्हा ठरला. आज भारतीय न्याय संहितेत ते २९९ वे कलम आहे. त्यातले ‘हेतुपुरस्सर’ आणि ‘द्वेषबुद्धीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, पण ते न्यायाधीश वाचतो तोवर माणूस ठाण्यात, जामिनात आणि तारखांत झिजलेला असतो. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याला एका क्रूसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी पाहणी केली आणि सांगितले की जवळचा सांडपाण्याचा मार्ग तुंबला आहे आणि ते पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढते आहे. आजाराचा धोका टाळणारी ही माहिती. त्यांच्यावर तक्रारी दाखल झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. नालीचे पाणी पिऊ नका, हे सांगण्यात कोणाचा द्वेष होता?

रघुनाथ धोंडो कर्वे तर निरीश्वरवादी म्हणून आणि संततिनियमनाचे प्रचारक म्हणून दुहेरी बहिष्कृत. १९२७ ते १९५३ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ एकहाती चालवले. अश्लीलतेच्या खटल्यांनी त्यांना गाठले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समाजाला धर्म लागतो, असे बाबासाहेबांचे मत होते आणि पुढे त्यांनी धम्म स्वीकारला. कर्व्यांना धर्म नकोच होता. तरी बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, पण लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय लिहिण्याचा हक्क न्यायालयात ठामपणे मांडला गेला.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्यांनी आयुष्यभर सांगितले की अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माला विरोध करत नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला करते. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा अध्यादेश त्यांच्या हत्येनंतर चार दिवसांनी निघाला आणि डिसेंबरात तो विधिमंडळात मंजूर झाला. त्या कायद्याची अनुसूची वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधून मारहाण करणे, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे, कुणाला चेटूक करणारी ठरवून जगणे अशक्य करणे, हे त्यात गुन्हे आहेत. कायद्याने वाचणारी बाई बहुधा देवभोळी, गरीब आणि मांत्रिकाच्या दारात उभी असलेली असते. एका विवेकवाद्याने जीव देऊन मिळवलेले संरक्षण प्रामुख्याने श्रद्धावंतांच्या उपयोगी पडते आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोन मारेकऱ्यांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. कट कोणी रचला, हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्या बाजूची जबाबदारी

एवढे मागितल्यावर नास्तिकांनी स्वतःचाही हिशेब मांडला पाहिजे. अल्बानियात एन्व्हर होजाच्या राजवटीने १९६७ मध्ये देशातल्या सगळ्या मशिदी आणि चर्च बंद केली. १९७६ च्या तिथल्या संविधानाने राज्य कोणताही धर्म मानत नाही असे जाहीर केले. मुलांना धार्मिक नावे ठेवायला बंदी आली. श्टिएफन कुर्ती नावाच्या वृद्ध कॅथलिक धर्मगुरूला एका बाळाचा बाप्तिस्मा केल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. तिथे प्रत्येकाचा रकाना रिकामा होता, पण तो सरकारने रिकामा करून घेतला होता. जिथे रकाना भरण्याचा हक्क नाही, तिथे तो रिकामा ठेवण्याचा हक्कही नसतो. ज्या नास्तिकाला त्या धर्मगुरूचा खून आपल्यावरचा घाला वाटत नाही, त्याला आगरकरांचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

नास्तिकतेतून कोणतेही एक राजकारण आपोआप निघत नाही, हेही ओळखले पाहिजे. भगतसिंग, पेरियार आणि मानवेंद्रनाथ रॉय हे तिघेही निरीश्वरवादी, पण तिघांचे मार्ग वेगळे. देव नाकारूनही माणूस हुकूमशहाच्या पाया पडू शकतो, जात पाळू शकतो, बायकोला मारू शकतो. म्हणून देव मानतोस का, यापेक्षा न मानणाऱ्याला आणि वेगळे मानणाऱ्याला जगू देतोस का, हा राजकारणातला मोठा प्रश्न आहे.

याचे सर्वांत सुंदर उत्तर आपल्या वर्ध्याजवळ दिले गेले. आंध्रचे गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, हे कट्टर निरीश्वरवादी. या मतांपायी त्यांच्या प्राध्यापकाच्या नोकऱ्या गेल्या. १९४० मध्ये त्यांनी कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी नास्तिक केंद्र उभारले. गांधीजींशी त्यांचा संवाद १९४४ पासून सेवाग्रामात सुरू झाला. रामनाम जपणारा एक म्हातारा आणि देव ही कल्पनाच टाकून द्या म्हणणारा एक मध्यमवयीन प्राध्यापक तासन्‌तास बोलत. गोरांनी आपल्या मुलीचे लग्न तेव्हा अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीतल्या तरुणाशी करायचे ठरवले. आश्रमातले विवाह ईश्वराच्या नावाने होत. गोरांना ते चालणार नव्हते. गांधीजींनी मान्य केले की या लग्नात ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घ्यावे. लग्नाआधीच गांधीजींची हत्या झाली. तरी मार्च १९४८ मध्ये सेवाग्राम आश्रमात ते लग्न लागले, आणि ठरल्याप्रमाणे सत्याच्या नावाने लागले. गांधीजींनी आपला राम सोडला नाही, गोरांनी आपली नास्तिकता सोडली नाही. दोघांनी मिळून अस्पृश्यतेला धक्का दिला.

मित्रहो, आगरकरांचे स्मरण करायचे तर कामे समोर आहेत. विशेष विवाह कायद्यातली जाहीर नोटीस रद्द करून घ्यायची आहे. कोणताही धर्म न मानणाऱ्यांना स्वेच्छेने स्वीकारता येईल असा वारसा कायदा मागायचा आहे. धार्मिक भावनांच्या तक्रारीवरून अटक करण्याआधी हेतू आणि द्वेषबुद्धी तपासली जावी, यासाठी आवाज उठवायचा आहे. या सभागृहात शिक्षक आहेत, कारकून आहेत, वकील आहेत. उद्या एखाद्या मुलाने प्रवेश अर्जातला धर्माचा रकाना मोकळा ठेवला तर तो अर्ज परत करू नका. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल दाखवा आणि तो स्वीकारायला लावा. जे माझ्यासारखे देव मानत नाहीत त्यांना माझे सांगणे आहे: ज्याला त्याची प्रार्थना करू दिली जात नाही, त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि जे देव मानतात त्यांना माझी विनंती आहे: पट्टम थाणू पिल्लै यांनी १९४९ मध्ये जे केले ते आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या घरात करा. न मानणाऱ्याच्या बाजूने पहिला आवाज तुमचा असू द्या.